स्वयंसिद्ध कोणाला म्हणावे?

पीएच.डी.च्या नोंदणीसाठी येणारे संशोधन-आराखडे आणि एम.ए.चे लघुप्रबंध वाचण्याचे काम गेली बारा-तेरा वर्षे माझ्याकडे आहे. या वाचनात एक शब्द मला वारंवार अडवतो. तो शब्द म्हणजे 'स्वयंसिद्ध'. साहित्य हे समाजजीवनाचे प्रतिबिंब असते हे स्वयंसिद्ध आहे. लोकगीतांचा कर्ता अज्ञात असतो हे स्वयंसिद्ध आहे. ग्रामीण साहित्यातील अनुभव अस्सल असतो हे तर स्वयंसिद्धच आहे. वाक्याच्या शेवटी हा शब्द आला की पुढे तळटीप येत नाही, पुरावा येत नाही, पुढचा परिच्छेद येतो. पुरावा हाती नसला की हा शब्द वापरावयाचा, असा एक अलिखित संकेतच आपल्या संशोधनात रूढ झाला आहे की काय, अशी शंका यावी इतके हे प्रमाण आहे. या शब्दाचा अर्थ काय, तो आला कोठून आणि त्याच्या नावाखाली आपण काय काय खपवतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. 'सिद्ध' हा मराठीत फार राबलेला शब्द आहे. पाकसिद्धी झाली म्हणजे स्वयंपाक तयार झाला. सैन्य युद्धास सिद्ध झाले म्हणजे ते सज्ज झाले. आरोप सिद्ध झाला म्हणजे तो पुराव्याने टिकला. आणि नाथपंथातील सिद्ध म्हणजे साधना पुरी झालेला पुरुष. या चारही ठिकाणी 'सिद्ध' होण्यापूर्वी काही तरी घडलेले असते. चूल पेटलेली असते, शस्त्रे परजलेली असतात, साक्षी झालेल्या असतात, तप झालेले असते. सिद्धतेच्या मागे साधन असते आणि साधनाच्या आधी साध्य असते. आता याच शब्दामागे 'स्वयं' जोडले की काय होते? ज्याच्या मागे कोणतीही चूल पेटलेली नाही असे शिजलेले अन्न. हा शब्द अर्थाच्या दृष्टीने किती धाडसी आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

'स्वयं' या पदाची मराठीत झालेली झीजही येथे पाहण्यासारखी आहे. 'स्वयंपाक' म्हणजे मुळात स्वतःच्या हाताने रांधणे. आज आपण सहज म्हणतो, "आमच्याकडे स्वयंपाकाला बाई येतात." दुसऱ्याने येऊन केलेला तो स्वयंपाक! यात कोणाला विसंगती जाणवत नाही, जाणवण्याचे कारणही नाही, कारण भाषा व्युत्पत्तीवर चालत नाही. परंतु 'स्वयंसिद्ध' या शब्दाचे आपल्या प्रबंधांत नेमके हेच झाले आहे. तेथेही सिद्ध करणारा दुसराच कोणी तरी असतो: एखादा जुना समीक्षक, एखादे पाठ्यपुस्तक, वर्गात लिहून घेतलेली टिपणे. 'स्वयं' केवळ नावाला उरते.

या शब्दाचा आपल्या शालेय जीवनातील परिचय भूमितीतून होतो. तेथील परिभाषा मोठी मनोरंजक आहे. प्रमेय लिहिताना आपण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे टप्पे मांडत आलो. यांतील 'पक्ष' आणि 'साध्य' हे शब्द थेट न्यायशास्त्रातून आले आहेत; मात्र न्यायशास्त्रात पर्वतावर अग्नी आहे असे अनुमान करताना पर्वत हा पक्ष असतो आणि अग्नी हे साध्य, तर भूमितीच्या वहीत 'पक्ष' म्हणजे दिलेली माहिती. म्हणजे युक्लिडचे शास्त्र मराठीत आणताना भाषांतरकारांनी घरातली भांडी वापरली, पण त्यांत पदार्थ वेगळा शिजवला. यात काही वावगे नाही. परंतु ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'स्वयंसिद्ध' हा शब्द योजला त्याचा मूळ अर्थ मात्र या भांड्यातून पार सांडून गेला, असे मला वाटते.

तो ग्रीक शब्द म्हणजे 'अ‍ॅक्सिओमा'. 'अ‍ॅक्सिओस' म्हणजे योग्य, मोलाचा, वजनाला उतरणारा. त्यापासून 'योग्य समजणे, मान देणे' या अर्थाचे क्रियापद आणि त्यापासून हे नाम. ग्रीकमध्ये या शब्दाचा एक सर्वपरिचित अर्थ मान, पत, प्रतिष्ठा असा आहे. मध्ययुगीन लॅटिन पंडितांनी त्याचे भाषांतर केले तेही 'दिग्नितास' या शब्दाने, म्हणजे पुन्हा प्रतिष्ठाच. 'आपोआप सिद्ध झालेले' असा अर्थ या शब्दाच्या मुळात कोठेच नाही. त्यात मान देणारा कोणी तरी गृहीत आहे. एखाद्या विधानाला समाजाने, निदान वादात बसलेल्या दोघांनी, मानाचे पान दिले म्हणजे ते 'अ‍ॅक्सिओमा' झाले. स्टोइक तत्त्वज्ञांनी तर हा शब्द कोणत्याही विधानासाठी वापरला, मग ते खरे असो वा खोटे. आणि खुद्द युक्लिडच्या ग्रंथात आरंभी व्याख्यांनंतर जी दोन प्रकारची विधाने येतात त्यांपैकी पाचांना 'ऐतेमाता', म्हणजे मागण्या, विनंत्या, असे नाव आहे आणि उरलेल्यांना 'सामान्य धारणा' असे म्हटले आहे. भूमितिज्ञ आपल्या श्रोत्यापुढे हात पसरून म्हणतो की, एवढे मला द्या, मग पुढचे मी सिद्ध करून दाखवतो. आर्पाद साबो या हंगेरियन अभ्यासकाने तर असे प्रतिपादन केले आहे की, हे सगळे शब्द मुळात गणिताचे नव्हतच. ते वादविवादाच्या परंपरेतून गणितात आले आणि आरंभी 'अ‍ॅक्सिओमा' हीसुद्धा प्रतिपक्षापुढे केलेली मागणीच होती. साबोचे सर्व निष्कर्ष सर्वांना मान्य नाहीत. तरीही 'मागणे' आणि 'मानणे' या दोन क्रिया या शब्दांच्या पोटात आहेत, हे नाकारता येत नाही.

मराठीत मात्र मागण्याचे घेणे झाले. 'गृहीतक' हा शब्द आपण त्यासाठी रूढ केला. गृहीत म्हणजे घेतलेले, आणि 'गृहीत धरणे' म्हणजे घेतलेले पुन्हा धरणे. "मला गृहीत धरू नका" असे एखादी गृहिणी म्हणते तेव्हा तिची तक्रार नेमकी हीच असते की, तिला कोणी विचारले नाही, तिच्याकडे कोणी मागितले नाही, परस्पर घेऊन टाकले. ग्रीक भूमितिज्ञ विचारत होता; आपला संशोधक घेऊन टाकतो. शब्दाच्या निवडीतून एवढा मोठा निष्कर्ष काढणे कोणाला अतिरेकी वाटेल. पण आराखड्यांचा गठ्ठा समोर असताना मला तो अतिरेकी वाटत नाही.

युक्लिडच्या पाचव्या मागणीचे पुढे काय झाले, हे येथे थोडक्यात आठवणे इष्ट आहे. समांतर रेषांविषयीची ती मागणी पहिल्या चारांइतकी उघड नव्हती. म्हणून सुमारे दोन हजार वर्षे ती इतरांपासून सिद्ध करण्याचे प्रयत्न झाले. एकोणिसाव्या शतकात, १८२९ ते १८३२ या काळात, लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी स्वतंत्रपणे ती नाकारून पाहिली आणि तरीही एक सुसंगत भूमिती उभी राहते असे दाखवले. १८९९ मध्ये हिल्बर्टने भूमितीच्या पायाची नव्याने मांडणी केली तेव्हा आधारविधाने 'उघड सत्य' असण्याची अटच उरली नाही. ती परस्परांशी सुसंगत असावीत एवढेच पुरे झाले. म्हणजे ज्या शास्त्राकडून आपण 'स्वयंसिद्ध' हा शब्द मोठ्या आदराने उसना घेतला, त्या शास्त्राने त्यातील 'स्वयं' केव्हाच सोडून दिले. साहित्याचा अभ्यासक मात्र अजून तो शब्द छातीशी धरून बसला आहे.

आता आपल्याकडील परंपरेकडे वळू. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद आणि पाश्चात्त्य स्वयंसिद्धाची कल्पना यांची गल्लत अनेकदा केली जाते. मीमांसक जे म्हणतात ते ज्ञानाविषयी आहे: ज्ञान उत्पन्न झाले की ते प्रमाण म्हणूनच उत्पन्न होते, पुढे बाधक ज्ञान आले किंवा कारणदोष आढळला तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, त्यानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून ठरते. हा वाद एखाद्या शास्त्राच्या आरंभीच्या विधानांविषयीचा नाही.

त्या विधानांविषयीचा विचार पाहावयाचा असेल तर न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील सिद्धान्तविचार पाहावा. तेथे सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत. सर्व शास्त्रांना अविरुद्ध असतो तो सर्वतंत्रसिद्धान्त. स्वतःच्या किंवा समानधर्मी शास्त्रात मान्य, पण इतर शास्त्रांत अमान्य, तो प्रतितंत्रसिद्धान्त. असतापासून काही उत्पन्न होत नाही हे सांख्यांचे मत त्याचे उदाहरण म्हणून वात्स्यायन देतो. जो सिद्ध झाला असता त्याच्या अनुषंगाने इतर गोष्टी सिद्ध होतात, तो अधिकरणसिद्धान्त. आणि चौथा अभ्युपगमसिद्धान्त: एखादी गोष्ट न तपासताच तात्पुरती मान्य करावयाची, ती अशासाठी की तिच्या विशेषांची परीक्षा करता यावी. नैयायिकांच्या मते शब्द हा गुण आहे. तरीही ते म्हणतात, घटकाभर धरून चालू की शब्द हे द्रव्य आहे, आता सांगा, तो नित्य की अनित्य? प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करून त्याच्याच घरात जाऊन केलेली ही तपासणी आहे.

ही चार नावे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीच्या पहिल्याच तासाला शिकवावीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कारण मराठी समीक्षेतील बहुतेक तथाकथित स्वयंसिद्ध विधाने ही प्रत्यक्षात प्रतितंत्रसिद्धान्त असतात आणि ती सर्वतंत्रसिद्धान्ताची पगडी घालून वावरतात. मर्ढेकरांचे उदाहरण घ्यावे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींत सौंदर्याचे नियम शोधले. ती मांडणी मराठीतील सर्वांत काटेकोर मांडण्यांपैकी एक आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु कलेचे मूल्य तिच्या घाटातच असते हे तिच्या मुळाशी असलेले विधान काही सर्व शास्त्रांना मान्य नाही. ते मर्ढेकरांच्या तंत्रातले आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये सौंदर्याच्या संकल्पनेचे लौकिकतावादी व अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मांडले, तेव्हा त्यांनी मुख्यतः हेच केले: ज्याला सर्वतंत्र समजले जात होते ते प्रतितंत्र आहे असे दाखवले. पुढे देशीवादाची मांडणी झाली. तिच्याही मुळाशी एक प्रतितंत्रसिद्धान्त आहे. साहित्य आपल्या भूमीशी आणि भाषासमूहाशी ज्या प्रमाणात जोडलेले असेल त्या प्रमाणात ते मूल्ययुक्त. नेमाड्यांनी ते विधान वादाच्या आवेशाने मांडले, म्हणजे प्रतिपक्ष समोर आहे याचे पूर्ण भान ठेवून मांडले. त्यांच्या मागून आलेल्यांच्या प्रबंधांत मात्र प्रतिपक्ष नाहीसा झाला आणि विधान तेवढे उरले, तेही 'स्वयंसिद्ध' म्हणून.

वाङ्मयेतिहासातही हेच दिसते. श्रवणबेळगोळ येथील शिलालेख हा मराठीचा आद्य लेख, हे आमच्या पिढीने शाळेत सूर्य पूर्वेला उगवतो या चालीवर पाठ केले. त्यातील दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे बाराव्या शतकात गंगराजाच्या काळी, कोरल्या गेल्या असाव्यात असा युक्तिवाद पुढे झाला आणि शके ९३४ चा अक्षी येथील लेख अग्रस्थानी मांडला गेला. 'विवेकसिंधु' हा आद्य ग्रंथ, या विधानाचीही कथा तशीच वादाची आहे. यातील कोणता पक्ष ग्राह्य, हा येथे प्रश्न नाही. पाठांतराने आलेली खात्री आणि विधानाच्या अंगची खात्री यांत विद्यार्थ्याला फरक करता येत नाही, ही खरी अडचण आहे.

वास्तविक हा फरक करणारा विचार आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. 'अमृतानुभवा'च्या तिसऱ्या प्रकरणात, ज्ञानही बंधनकारक ठरते या आपल्या म्हणण्याला शिवसूत्राचा आणि गीतेचा आधार दिल्यानंतर ज्ञानदेव लगेच एक विलक्षण खुलासा करतात. शिवाने किंवा श्रीवल्लभाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नव्हे. ते बोलले नसते तरी ही गोष्ट आम्हांला लाभलीच असती, असा त्याचा आशय आहे. स्वयंसिद्धाची याहून नेमकी कसोटी मला इतरत्र आढळलेली नाही. सांगणारा बाजूला काढावा आणि विधान उभे राहते का ते पाहावे. ज्ञानदेवांनी ही कसोटी साक्षात शिवाला लावली. आपण ती एखाद्या विभागप्रमुखाच्या टिपणांना लावण्यास का कचरावे?

हात्च्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो खरे. पण ज्याच्या हातात कांकण आहे त्याच्यापुरतीच ती म्हण खरी असते. १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याच्या मसुद्यात मानवी समतेच्या तत्त्वांना आधी 'पवित्र आणि निर्विवाद' अशा अर्थाची विशेषणे होती. ती जाऊन 'स्वयंसिद्ध' या अर्थाचा शब्द आला. तो शब्द मान्य करणाऱ्यांत गुलामांचे मालकही होते. त्यांना ते सत्य उघड दिसत होते आणि घरातील गुलाम दिसत नव्हता. ती गुलामी संपण्यास युद्ध लढावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केले ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटले म्हणून. घोषणेपेक्षा कृतीचा तो गौरव होता. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्या पुस्तकाचे रूप. ज्या समतेला जोतीराव निर्मिकाने दिलेली समजतात, ती ते घोषित करून थांबत नाहीत. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात, धोंडीबा पुन्हा शंका काढतो. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तही हेच प्रश्नोत्तराचे रूप आहे. सत्य कितीही उघड असो, समोरच्याने ते मान्य केल्याखेरीज त्याला मान मिळत नाही, हे जोतीरावांना ठाऊक होते. ग्रीक शब्दातील 'प्रतिष्ठा' येथे मराठीत अवतरलेली दिसते, आणि तीही दोन्ही अर्थांनी: विधानाची आणि माणसाची.

'प्रतिष्ठा' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्याकडे देवतांचे दोन प्रकार मानले जातात. एक स्वयंभू, जी कोणी घडवली नाही आणि जिची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, दुसरी प्रतिष्ठापित. ज्ञानाच्या क्षेत्रात स्वयंभू मूर्ती फार थोड्या. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तर तर्कालाच प्रतिष्ठा नाही असे स्पष्ट म्हटले आहे. मग समीक्षेतील मतांची काय कथा? जेथे आपण 'स्वयंसिद्ध' असे लिहितो तेथे बहुधा 'प्रतिष्ठित' एवढेच लिहिणे खरे ठरेल. ते लिहिले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: कोणी प्रतिष्ठित केले, केव्हा, आणि कोणाच्या संमतीने?

परिभाषेच्या गोंधळाबद्दल एक तक्रार येथे नोंदवते. आपल्या विद्यापीठीय लेखनात 'गृहीतक' हा एकच शब्द तीन कामे करतो. भूमितीतील आधारविधान, संशोधनाच्या आरंभी तात्पुरते मान्य केलेले मत, आणि संशोधनाने तपासावयाचे अनुमान. तिसऱ्यासाठी कोणी 'गृहीतकृत्य' म्हणतो, कोणी 'परिकल्पना', कोणी 'अभ्युपगम'. ज्यावर उभे राहावयाचे ते आणि ज्याची परीक्षा घ्यावयाची ते, या दोहोंना एकच नाव असल्यावर विद्यार्थी परीक्षा कशाची घेणार? माझ्याच पीएच.डी.च्या आराखड्यात 'गृहीतके' असा रकाना होता. मी चार लिहिली. शेवटच्या प्रकरणात ती चारही सिद्ध झाली असे लिहावयाचे असते, असे मला सांगण्यात आले, आणि मी तसे लिहिले. त्यांपैकी एक चुकीचे होते हे मला प्रबंध लिहितानाच दिसले होते. मी ते दोन ओळींत मऊ करून घेतले. पदवी मिळाली, ते वाक्य मात्र आजही ग्रंथालयातील त्या प्रतीत आहे. माझी सूचना एवढीच की, 'अभ्युपगम' हा शब्द त्याच्या नैयायिक अर्थाने, म्हणजे परीक्षेसाठी तात्पुरते मानलेले, अशा अर्थाने काटेकोरपणे वापरावा. 'गृहीतक' हा शब्द गणिताकडे राहू द्यावा. आणि तपासावयाच्या अनुमानासाठी 'परिकल्पना' चालण्यास हरकत नसावी. भाषाशुद्धीचे आग्रही नाक मुरडतील. मुरडू द्यावे.

आरंभी ज्या तीन वाक्यांचा उल्लेख केला त्यांपैकी दुसरे माझ्याच एका विद्यार्थिनीचे होते. जात्यावरच्या ओव्यांवर ती काम करते. "लोकगीतांचा कर्ता अज्ञात असतो हे स्वयंसिद्ध आहे" असे तिने पहिल्या प्रकरणात लिहिले होते आणि मीही ते वाक्य दोनदा खूण न करता पुढे जाऊ दिले होते. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह ती पाहू लागली, तेव्हा तिला ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे आणि गावाचे नाव नोंदलेले आढळले. एके दिवशी तिने मला विचारले, "मॅडम, नाव तर इथे लिहिलेलं आहे. मग अज्ञात कोण?" मी म्हटले की, गाणारी म्हणजे रचणारी असे होत नाही, ओवी आईकडून, सासूकडून आलेली असू शकते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "माझी आजी जुन्या ओवीत नवी ओळ घालायची. ती ओळ कोणाची?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तो प्रश्न 'स्वयंसिद्ध' या एका शब्दाखाली दोन वर्षे झाकून राहिला होता, आणि झाकणाऱ्यांत मीही होते. तिने ते वाक्य आता खोडले आहे. त्याऐवजी, कर्ता अज्ञात असतो हे मत परीक्षेसाठी येथे तात्पुरते मान्य केले आहे, असे लिहिले आहे. तिसऱ्या प्रकरणात एकाच ओवीचे वेगवेगळ्या गावांतील पाठ शेजारी शेजारी मांडून, कोणती ओळ कोणाच्या तोंडी बदलते याचा तक्ता ती तयार करते आहे. पहिल्या स्तंभात बायकांची नावे आहेत.